टी. व्ही. बिघडला, झाकण उघडावे काय?

(प्रौढ वर्गापुढे दिलेले भाषण)



आज आम्ही तुमच्यापुढे फार मोठी गोष्ट घेऊन आलेलो नाही. गोष्ट घरातलीच आहे. रात्रीची जेवणे झाली. सगळी मंडळी टी. व्ही.पुढे बसली. आणि टी. व्ही. लागेना. मग काय होते? एक म्हणतो, वरून थाप मार. दुसरा म्हणतो, पिन काढ आणि परत घाल. आजी म्हणते, काल तर बरा होता, पोरांनीच काही केलं असेल. तेवढ्यात घरातला चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन येतो. "मोबाइलवर बघितलंय मी. दहा मिनिटांत करतो," असे म्हणतो आणि संच पालथा घालून मागचे स्क्रू काढू लागतो.

इथे थांबायचे. आमचे आजचे सारे बोलणे या एवढ्या क्षणाविषयी आहे. ते स्क्रू काढायचे, की नाही काढायचे?

आधी एक सांगतो. खेड्यातल्या माणसाला दुरुस्ती येत नाही, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. जो म्हणेल त्याला गाव ठाऊक नाही. फवारणीच्या पंपाचा वॉशर तुम्ही बदलता. सायकलचे पंक्चर काढता. कडबाकुट्टीचे पाते तुम्हीच लावता. शहरातला माणूस जी वस्तू फेकून देतो, ती तुम्ही तारेने बांधून आणखी पाच वर्षे चालवता. यात कमीपणा नाही. हे हातातले कसब आहे. मग टी. व्ही.च तेवढा वेगळा का?

वेगळा अशासाठी, की पंपात जे बिघडते ते डोळ्यांना दिसते. वॉशर झिजला तर झिजलेला दिसतो. कडबाकुट्टीच्या पात्याला धार आहे, हे लहान पोरालाही कळते. बोट कुठे घालू नये, ते त्याला सांगावे लागत नाही. टी. व्ही.च्या पोटात तसे नाही. तिथे काही हलत नाही, फिरत नाही. आवाज नाही, धार नाही. एक हिरवी पाटी दिसते आणि तिच्यावर धान्याच्या दाण्यांसारखे बारीकसारीक भाग दिसतात. त्यांतला कोणता दाणा जीव घेणारा आहे, ते नुसते पाहून कळत नाही.

तुम्ही म्हणाल, पिन काढली म्हणजे झालं. पिन काढली, वीज गेली. दिव्याच्या बाबतीत हे खरे आहे. टी. व्ही.च्या बाबतीत खरे नाही.

कसे ते पाहा. घरावर पाण्याची टाकी असते. मोटार बंद केली म्हणून टाकीतले पाणी जाते का? टाकी भरलेलीच राहते. खाली तोटी उघडली की पाणी धो धो येते. टी. व्ही.च्या आत अशीच एक विजेची टाकी असते. तिला कपॅसिटर म्हणतात. आपल्या घरात २३० व्होल्टची वीज येते. हल्लीच्या पातळ एल.ई.डी. संचात ती या टाकीत साठते, तेव्हा सुमारे ३२५ व्होल्ट होते. काही संचांत त्याहूनही जास्त. पिन काढल्यावरसुद्धा ती काही वेळ तिथेच बसून असते. संच चांगला असेल तर ती लवकर उतरते. संच बिघडलेला असेल, तर किती वेळ राहील ते बाहेरून सांगता येत नाही. आणि आपण तर बिघडलेलाच संच उघडतो आहोत, नाही का?

जुना, मोठ्या पाठीचा संच याहून वाईट. आपल्याकडे १९७२ साली २ ऑक्टोबरला मुंबईचे दूरदर्शन केंद्र सुरू झाले. तेव्हापासून पुढे कितीतरी वर्षे घराघरांत हेच संच आले. अजून काही घरांत, माळ्यावर, समाजमंदिरात ते आहेत. त्यांच्यात काचेची मोठी नळी असते. तिला पिक्चर ट्यूब म्हणतात. रंगीत संचाच्या या नळीला २० ते २५ हजार व्होल्ट लागतात. हो, हजार. ही नळी स्वतःच वीज धरून ठेवते. पिन काढली तरी कित्येक तास, कधी कित्येक दिवस धरून ठेवते. शिवाय नळीच्या आत हवा नसते. तिला जोराचा मार बसला, तर काच आतल्या बाजूला दबून फुटते आणि तुकडे उसळून तोंडावर येतात.

म्हणून आमचे मत आम्ही सरळ सांगतो. दोन शेतांमध्ये बांध असतो. तसे टी. व्ही.चे मागचे झाकण हा बांध समजा. झाकणाच्या बाहेर जे आहे ते आपले. ते आपण पाहावे, तपासावे, नीट करावे. झाकणाच्या आत जे आहे ते शिकलेल्या कारागिराचे. तिथे आपण जाऊ नये. मोबाइलवरचा माणूस झाकण उघडताना दिसतो, पण त्याने आधी काय केले, हात कुठे लावला नाही, ते त्या चित्रात दिसत नाही. तो शिकलेला असतो. आपल्या मुलाने फक्त पाहिलेले असते.

आणि चुकून कुणाला शॉक बसलाच, तर त्याला हाताने धरू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते जमत नसेल, तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने त्याला तारेपासून दूर लोटा. मग १०८ नंबरला फोन करा. माणूस उठून बसला तरी डॉक्टरला दाखवा.

आता कुणी म्हणेल, झाकणाच्या बाहेर असते ते काय? नुसता डबा! मंडळी, तसे नाही. टी. व्ही. लागत नाही म्हणून कारागिराला बोलावले, तो तालुक्याहून आला, आणि त्याने नुसते रिमोटचे सेल बदलून दिले, असे कितीतरी वेळा होते. त्याच्या येण्याजाण्याचे पैसे मात्र द्यावे लागतात. तो तरी काय करील? त्याचा दिवस मोडतो. तेव्हा बोलावण्याआधी आपण काय काय पाहावे, ते सांगतो.

बहुतेक संचांना पुढच्या बाजूला खाली एक बारीक दिवा असतो. तो बहुधा लाल असतो. आधी तो लागला आहे का ते पाहा. दिवा लागलाच नसेल, तर संचापर्यंत वीज पोचत नाही असे समजा. पण लगेच संचाला दोष देऊ नका. ज्या बोर्डात टी. व्ही.ची पिन आहे, त्याच बोर्डात मोबाइलचा चार्जर लावून पाहा. मोबाइल चार्ज होत नसेल, तर बोर्ड बिघडला आहे, टी. व्ही. नाही. चार्ज होत असेल, तर टी. व्ही.ची पिन दुसऱ्या बोर्डात घालून पाहा. पिन ढिली आहे का? वायर उंदराने कुरतडली आहे का? वायर हाताळण्याआधी बोर्डाचे बटन बंद करून पिन काढायची, हे विसरू नका. पुष्कळ संचांची वायर मागून काढता येते. तशी असेल तर दुकानातून तशीच नवी आणा. कुरतडलेल्या वायरला चिकटपट्टी गुंडाळून काम भागवू नका.

दिवा लागला आहे, पण रिमोटने संच चालू होत नाही. मग रिमोट पाहा. सेल बदला. सेलमधून पांढरे-हिरवे काही बाहेर आले असेल, तर कोरड्या फडक्याने पुसा. रिमोट चांगला आहे की नाही, हे ओळखायची एक गंमत आहे. मोबाइलचा कॅमेरा चालू करा. रिमोटचे तोंड कॅमेऱ्याकडे धरून बटन दाबा. आपल्या डोळ्यांना काही दिसत नाही, पण मोबाइलच्या पडद्यावर रिमोटच्या तोंडाशी उजेड लुकलुकताना दिसतो. मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही, तर पुढच्या कॅमेऱ्यात पाहा. उजेड दिसला म्हणजे रिमोटचे काम चालू आहे. संचावरही एक बटन असते, बाजूला किंवा खाली. ते बोटांनी चाचपून शोधा. त्या बटनाने संच लागला, तर दोष रिमोटचा. नवा रिमोट तालुक्याच्या बाजारात मिळतो.

आता सगळ्यांत जास्त वेळा जे होते ते ऐका. संच लागतो. पडदा उजळतो. पण चित्र येत नाही. पडद्यावर दोन शब्द येतात: "नो सिग्नल". हे शब्द इंग्रजी अक्षरांत असतात. आपल्या वर्गात अजून इंग्रजी अक्षरे झालेली नाहीत. घरातल्या शाळेत जाणाऱ्या मुलीला वाचायला सांगा. हे दोन शब्द पडद्यावर दिसले, की निम्मी काळजी मिटली. टी. व्ही. तुम्हाला सांगतो आहे, "मी ठीक आहे. मला वरून काही मिळत नाही."

शेतात पाणी आले नाही, तर आपण काय करतो? पाटाने चालत जातो. कुठे फुटला, कुठे गवत अडकले, ते पाहतो. इथेही तसेच चालत जायचे. चित्र येते कुठून? आपल्यापासून सुमारे ३६ हजार किलोमीटर वर आकाशात एक उपग्रह आहे. त्याच्याकडून लहरी छपरावरच्या छत्रीत येतात. छत्रीतून वायरीने डब्यात, म्हणजे सेट-टॉप बॉक्समध्ये. डब्यातून दुसऱ्या वायरीने टी. व्ही.त. एवढा हा पाट आहे.

टी. व्ही.कडून सुरुवात करा. डब्याकडून येणारी वायर मागे नीट घट्ट बसली आहे का? झाडताना ती हलकेच सुटते. रिमोटवर "सोर्स" किंवा "इनपुट" असे बटन असते. लहान मुलाने ते दाबले असेल, तर टी. व्ही. भलत्याच भोकाकडे पाहत बसतो. ते बटन दाबून एकेक जागा बदलून पाहा. मग डबा. त्याचा दिवा लागला आहे का? डब्याची पिन काढून दोन मिनिटांनी परत लावा. छत्री पैशांची असेल, तर महिन्याचे पैसे भरले आहेत का? पैसे संपले तर कारागीर काय करणार? दूरदर्शनच्या फ्री डिशला महिन्याचे पैसे नाहीत. तिथे हा प्रश्न येत नाही.

मग छत्री. जोराचा पाऊस पडत असेल, तर थोडा वेळ थांबा. दाट पावसातून या लहरी येऊ शकत नाहीत. पाऊस ओसरला की चित्र आपोआप येते. पाऊस नसेल, तर छत्रीसमोर काही आले आहे का ते पाहा. फ्री डिशची छत्री आपल्या महाराष्ट्रात आग्नेय दिशेला, म्हणजे पूर्व आणि दक्षिण यांच्या मधल्या कोपऱ्याकडे, वर तोंड करून असते. त्या बाजूला शेजारचा शेवगा वाढला असेल. शेवगा वाढायला किती वेळ लागतो! पावसाळ्याआधी छत्रीसमोर मोकळे आकाश असते, दिवाळीला फांद्या आलेल्या असतात. वाऱ्याने छत्री थोडीशी फिरली तरी चित्र जाते. माकडे बसली तरी जाते. छत्री हळूहळू फिरवून परत जागेवर आणता येते. एकाने वर, एकाने टी. व्ही.पुढे. पण छप्पर ओले असेल, पत्रा जुना असेल, किंवा छपरावरून विजेच्या तारा गेल्या असतील, तर वर चढू नका. ती एक रात्र भजन करा, गप्पा मारा. आमच्या वहिनी तर म्हणतील, दोन दिवस टी. व्ही. नसला तर काय बिघडलं? तेही खरेच.

मोठ्या पाठीच्या जुन्या संचाची एक वेगळी गोष्ट सांगायला हवी. समाजमंदिरातला संच कुणी झटकून पुसून लावतो. वर अॅल्युमिनियमच्या कांड्यांचा जुना अँटेना आहे. पडद्यावर नुसत्या मुंग्या. लोक म्हणतात, संच गेला. मंडळी, संच गेलेला असेलच असे नाही. पूर्वी दूरदर्शन जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून चित्रे पाठवीत असे. अँटेना त्यासाठी होता. ते मनोरे दूरदर्शनने टप्प्याटप्प्याने जवळजवळ सगळे बंद केले. २०२२ पर्यंत हे काम बहुतेक झाले. आता त्या अँटेनाला मुंग्यांशिवाय काय मिळणार? संचाला पिवळी, पांढरी, लाल अशी तीन भोके असतील, तर फ्री डिशचा डबा आणि छत्री त्याला जोडता येते. तीन रंगांच्या पिना त्या त्या रंगाच्या भोकात घालायच्या. एका जुन्या संचाला एवढ्यावर जीव येतो. झाकण उघडावे लागत नाही.

आणखी एक. एखाद्या संध्याकाळी आळीतले चार-पाच घरांचे टी. व्ही. एकदम जातात. कुणाचा दिवा फार लख्ख झाला आणि उडाला, कुणाचा फ्रिज गेला. अशा वेळी दोष संचांत नसतो. डी.पी.वरची न्यूट्रल तार तुटली किंवा ढिली झाली, की काही घरांत २३० च्या जागी पार ४०० व्होल्टच्या जवळ वीज येऊ शकते. त्यात संच जळतात. या वेळी पहिले काम म्हणजे घरातला मेन स्विच बंद करणे. दुसरे काम, वायरमनला कळवणे, किंवा महावितरणच्या १९१२ या नंबरवर तक्रार देणे आणि तिचा क्रमांक लिहून ठेवणे. तार नीट झाल्याशिवाय संच दुरुस्त करून आणला, तर तो परत जळेल. स्वतः डी.पी.जवळ जाऊ नका. त्याविषयी बोलायची गरज पडू नये, पण पडते.

विजा चमकू लागल्या, की पिन काढून ठेवा आणि छत्रीची वायरही काढा. नुसते बटन बंद करणे पुरत नाही. वीज छत्रीच्या वायरीतूनही आत येते. आधी काढा, डोक्यावर कडकडाट सुरू झाल्यावर वायरीला हात लावू नका.

बाहेरचे सगळे पाहून झाले, आणि संच लागत नाहीच. किंवा जळका वास येतो, धूर येतो, आत ठिणगी दिसते. धूर असेल तर बोर्डाचे बटन बंद करा, आणि तेही जवळ असेल तर मेन बंद करा. पाणी टाकू नका. थंड झाला म्हणून परत लावून पाहू नका. आता कारागिराचे काम आले.

पण कारागिराकडे जाताना रिकाम्या तोंडाने जाऊ नका. डॉक्टरकडे आपण जातो, तेव्हा "मला बरं नाही" एवढेच सांगून भागते का? कुठे दुखते, केव्हापासून दुखते, ते सांगतो. तसे टी. व्ही.चे सांगा. दिवा लागतो का? आवाज येतो का? चित्र दिसते का? केव्हापासून? त्या दिवशी वीज कमीजास्त झाली होती का? एका कागदावर चार ओळी लिहून न्या. तुम्हाला आता लिहिता येते. ते इथे कामी येईल.

आवाज येतो पण पडदा काळा, असे झाले तर एक परीक्षा करा. अंधार करा. संच चालू ठेवा. पडद्याजवळ बॅटरी तिरकी धरून उजेड पाडा आणि बारकाईने पाहा. अंधुक चित्र हलताना दिसले, तर पडदा चांगला आहे. पडद्यामागे उजेड देणाऱ्या एल.ई.डी.च्या पट्ट्या गेल्या आहेत. पट्ट्या बदलायला पडद्याच्या मानाने फार कमी खर्च येतो. आता समजा, एखादा कारागीर म्हणाला, "पॅनेल गेलं, नवीनच घ्या." तुम्ही म्हणा, "भाऊ, बॅटरीच्या उजेडात चित्र दिसतं." तो दचकेल, आणि नीट तपासेल. सगळे कारागीर लबाड असतात, असे आम्ही म्हणत नाही. बहुतेक कष्टाने पोट भरतात. पण ज्या गिऱ्हाइकाला काही दिसलेले असते, त्याच्याशी बोलणे वेगळे होते.

मात्र पडद्याला तडा गेला असेल, किंवा शाई सांडल्यासारखा काळा डाग पसरला असेल, तर पॅनेलच गेले. संचाच्या किमतीतला मोठा वाटा पॅनेलचाच असतो.

मग पैशांचा हिशेब येतो. दुरुस्ती सांगण्याआधी विचारा: कोणता भाग गेला? त्याची किंमत किती? मजुरी किती? त्या भागाची हमी किती दिवसांची? हे एका चिठ्ठीवर लिहून घ्या. जुना भाग परत मागा. समजा, तसाच नवा संच ९,००० रुपयांना मिळतो. दुरुस्ती १,२०० रुपयांची आहे आणि संच चार वर्षांचा आहे. जरूर करा. दुरुस्ती ५,००० ची असेल, तर आम्ही हात आखडता घेऊ. कारण ५,००० घालूनही बाकीचे भाग जुनेच राहतात. पण हेही तुमच्या घरावर आहे. पेरणीच्या दिवसांत नवे ९,००० कुठून आणायचे? अशा वेळी १,२०० काय, तेही दिवाळीपर्यंत थांबू शकतात. कर्ज काढून टी. व्ही. नीट करू नये, एवढे आम्ही नक्की म्हणू.

आता तो स्क्रू-ड्रायव्हर हातात असलेला मुलगा आठवा. त्याने झाकण काढले आणि सुदैवाने शॉक बसला नाही, असे धरू. तरी काय होते? आत कागदासारख्या पातळ पट्ट्या असतात. एक जरी फाटली, तरी चांगला पडदा वाया जातो. मग कारागिराला आधी मुलाने केलेले नीट करावे लागते, नंतर मूळ दोष. दोन्हींचे पैसे आपलेच. आणि संच गॅरंटीत असेल, तर गॅरंटीही जाते. कंपनी म्हणते, बाहेरच्या माणसाने उघडला.

गॅरंटीचे थोडे सांगतो. नवीन संचाला बहुधा एक वर्षाची हमी असते. तिच्यासाठी दोन कागद लागतात. एक पक्के बिल, दुसरे गॅरंटी कार्ड. कार्डावर दुकानदाराचा शिक्का आणि तारीख हवी. कच्च्या चिठ्ठीवर संच घेऊ नका; शंभर-दोनशे रुपये कमी सांगितले तरी घेऊ नका. पुढे त्या चिठ्ठीला कुणी विचारत नाही. वर्ष व्हायच्या आत संच बिघडला, तर कंपनीला फोन करा. फोन नंबर कार्डावरचा घ्या. मोबाइलवर शोधून मिळालेला नंबर घेऊ नका. तिथे ठकांनी कंपन्यांच्या नावाने खोटे नंबर टाकलेले असतात. ते गोड बोलतात, "आधी दहा रुपये पाठवा" म्हणतात, मोबाइलवर काहीतरी उतरवून घ्यायला सांगतात, आलेला आकडा विचारतात, आणि बँकेतले पैसे जातात. तसे घडले, तर लगेच १९३० नंबरला फोन करावा. पण टी. व्ही. दुरुस्त करणाऱ्याला तुमच्या मोबाइलवर आलेला आकडा कशाला हवा? एवढा प्रश्न मनाला विचारा.

कंपनी किंवा दुकानदार गॅरंटीत असूनही दाद देत नसेल, तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. मराठीतूनही बोलता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार देता येते. ती दोन वर्षांच्या आत द्यावी लागते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या वस्तूसाठी तिथे फी नाही. २०२२ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळही सुरू केले. दुरुस्ती कुठे होईल, सुटे भाग कसे मिळतील, हे कंपन्यांनी तिथे सांगावे, असा हेतू आहे. घरात शिकलेले पोर असेल तर त्याला पाहायला सांगा.

कुणी विचारील, मग मुलाने काही शिकूच नये काय? त्याची हौस मारायची काय? मुळीच नाही. ज्याच्या हाताला स्क्रू-ड्रायव्हर शोभतो, त्याला शिकू द्या. आय.टी.आय.मध्ये इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. दहावी झालेल्याला तो करता येतो. तिथे कपॅसिटर रिकामा कसा करायचा, मीटर कसा लावायचा, एक हात मागे का ठेवायचा, हे गुरुजी समोर उभे राहून शिकवतात. तोवर गावात येणाऱ्या कारागिराशेजारी त्याला बसू द्या. फक्त हात लावू देऊ नका. पाहण्यानेही पुष्कळ येते. पुढे तोच आपल्या पाच-सहा गावांचा कारागीर होईल, आणि तालुक्याची फेरी वाचेल.

शेवटी, जो संच काही केल्या नीट होत नाही, त्याचे काय? पुष्कळ जण तो फोडून तांबे काढतात. नळीच्या काचेत शिसे असते. फोडताना डोळ्यांना इजा होते ती वेगळीच. उकिरड्यावर, ओढ्यात टाकू नका. नवा संच घेताना जुना परत घेता का, ते दुकानदाराला विचारा. इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचे नवे नियम २०२३ च्या १ एप्रिलपासून लागू आहेत. जुन्या वस्तूंचा नीट निकाल लावायची जबाबदारी त्यांनी वस्तू बनवणाऱ्या कंपन्यांवर टाकली आहे.

आमचे बोलणे झाले. पुढच्या बुधवारी येताना आपापल्या घरच्या टी. व्ही.चे बिल आणि गॅरंटी कार्ड घेऊन या. ज्यांना सापडणार नाही, त्यांनी आजच ट्रंक शोधायला घ्यावी. आपण वर्गात ती कार्डे मोठ्याने वाचू. तारीख कुठे आहे, शिक्का कुठे आहे, फोन नंबर कुठे आहे, ते प्रत्येकाने आपल्या बोटाने दाखवायचे. आणि आता तुमचे काही प्रश्न असतील तर विचारा. बायकांनी आधी विचारावे. मागच्या खेपेला सगळा वेळ पुरुषांनीच घेतला होता.